फॉरमॅट मारण्याआधी

संगणकाच्या पडद्यावर बारीकशी चूक दिसू लागली, की आपल्याकडे दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर माणूस त्या चुकीची सवय करून घेतो. घड्याळ चुकीची वेळ दाखवत राहते, तारखेत महिना आधी आणि दिवस नंतर येतो, मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात आणि काम तसेच चालू राहते. नाहीतर एक दिवस कंटाळून तो संगणक दुरुस्तीच्या दुकानात नेऊन ठेवतो आणि सांगतो, ‘फॉरमॅट मारून टाका.’ या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती फारशी अवघड नाही. ती म्हणजे चूक नीट वाचणे. पडद्यावरची किरकोळ चूक बहुतेक वेळा यंत्र बिघडल्याची खूण नसते. संगणकातल्या दोन ठिकाणच्या माहितीचा मेळ बसत नाही, याची ती खूण असते. मेळ कुठे बसत नाही, हे त्या चुकीच्या रूपातच लिहिलेले असते. फॉरमॅट मारला की चुकीबरोबर हा पुरावाही पुसला जातो.

मोठ्या शहरात हा मुद्दा कदाचित तेवढा जाचणार नाही. तिथे कंपनीचे सेवा केंद्र जवळ असते, कार्यालयात त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाट लागण्याआधी येणाऱ्या मलकापूरसारख्या गावात चित्र वेगळे असते. एकेकाळी विशाळगड जहागिरीचे ठाणे असलेले हे गाव आज शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांचे बाजाराचे गाव आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, आधारची प्रत, पीक विम्याचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म अशी कामे आता संगणकावरच होतात आणि त्यासाठी डोंगरातल्या वाडीवरून माणूस एसटीने अशाच गावात येतो. अशा ठिकाणी ही कामे करून देणाऱ्या सेवा केंद्रातला एखादा संगणक दोन दिवस दुकानात अडकला, तर त्याची किंमत संगणकाच्या मालकापेक्षा त्या माणसाला जास्त मोजावी लागते. कोल्हापूर तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर आहे. म्हणून किरकोळ चूक जागच्या जागी ओळखता येणे ही इथे हौस नाही, गरज आहे.

घड्याळापासून सुरुवात करू, कारण चूक कशी बोलते हे घड्याळ सर्वांत स्पष्ट दाखवते. संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ चालू राहते, ते मदरबोर्डवरच्या रुपयाच्या नाण्याएवढ्या एका बॅटरीवर. बहुतेक डेस्कटॉप संगणकांत ती ‘सीआर २०३२’ या नावाची तीन व्होल्टची बॅटरी असते आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळते. ती संपली, की विजेचा बोर्ड बंद केल्यावर संगणक तारीख विसरतो आणि पुन्हा चालू झाल्यावर कित्येक वर्षे मागची तारीख दाखवतो. पण घड्याळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. तेव्हा कुठेतरी एका प्रोग्रामने घड्याळातली वेळ जागतिक मानली आणि दुसऱ्याने स्थानिक, एवढाच त्याचा अर्थ. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर हे अनेकदा घडते. चूक साडेबारा किंवा साडेतेरा तासांची असेल, तर विंडोज टाकताना अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा वेळपट्टा तसाच राहून गेला आहे. तिथे उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात, म्हणून ऋतूप्रमाणे हे दोन आकडे. वर्षांची चूक बॅटरीची, साडेपाच तासांची चूक गृहीतकाची, साडेबारा तासांची चूक वेळपट्ट्याची. मोजमाप नीट घेतले, तर स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता कारण कळते.

याच घड्याळाची दुसरी बाजू अधिक फसवी आहे. तारीख चुकली, तर तक्रार तारखेची होत नाही. तक्रार होते ती ‘नेट चालत नाही’ अशी. बँकेचे किंवा सरकारी संकेतस्थळ उघडताना ब्राउझर त्या संकेतस्थळाचे डिजिटल प्रमाणपत्र तपासतो आणि प्रत्येक प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे लिहिलेले असते. संगणकाच्या मते आज दहा वर्षांपूर्वीचा दिवस असेल, तर त्याच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नाही. म्हणून तो जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा देतो. मग कोणी राउटर बंद-चालू करतो, कोणी ब्राउझर काढून पुन्हा टाकतो, आणि शेवटी फॉरमॅटची वेळ येते. फॉरमॅटनंतरही बॅटरी तीच, म्हणून पुढच्या वेळी वीज गेली की दुखणे परत हजर. वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याची सोय सुरू असली तरी प्रत्येक वेळी ती वाचवत नाही. घरगुती, स्वतंत्र संगणकावर विंडोजचा ठरलेला नियम असा आहे, की घड्याळ पंधरा तासांहून अधिक चुकलेले असेल तर ते आपणहून दुरुस्त करायचे नाही. नियमामागचा विचार समंजस आहे, इतका मोठा फरक संशयास्पद मानावा असा. पण तो माहीत नसला, तर ‘आपोआप’ सुरू असूनही तारीख चुकीचीच का, हे कोडे सुटत नाही. उपाय साधा आहे. एकदा हाताने तारीख बरोबर करायची आणि बॅटरी बदलायची.

महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक सेवा केंद्रात दिसणारी दुसरी चूक म्हणजे स्वाक्षरीवरचे प्रश्नचिन्ह. ई-आधारची प्रत संगणकावर उघडली, की डिजिटल स्वाक्षरीच्या जागी पिवळे प्रश्नचिन्ह आणि वैधता अज्ञात असल्याची सूचना दिसते. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या इतर दाखल्यांवर आणि उताऱ्यांवरही ते दिसू शकते. कागद हातात घेणारा माणूस साहजिकच घाबरतो. आपला दाखला खोटा ठरला की काय, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती अशी, की प्रश्नचिन्ह हा निकाल नाही. तपासणी झालेली नाही, एवढेच ते सांगते. डिजिटल स्वाक्षरी तपासण्यासाठी पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामला ती स्वाक्षरी देणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवायला सांगावे लागते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० नुसार भारतात या सर्व स्वाक्षऱ्यांच्या साखळीच्या मुळाशी प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक हे सरकारी कार्यालय असते. ते मूळ आपल्या संगणकावरच्या प्रोग्रामच्या विश्वासाच्या यादीत नसेल, तर प्रोग्राम प्रामाणिकपणे म्हणतो, ‘मला माहीत नाही.’ त्या खुणेवर उजवी कळ दाबून स्वाक्षरीचे गुणधर्म उघडायचे, प्रमाणपत्राची साखळी पाहायची आणि ती खरोखर त्या सरकारी मुळापर्यंत जाते याची खात्री झाल्यावर तिला विश्वासाच्या यादीत घ्यायचे. मग हिरवी खूण येते. आधार प्राधिकरणानेही आपल्या सूचनांमध्ये हीच रीत सांगितली आहे.

इथे दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण घाईत त्यांचाच विसर पडतो. पहिली ही, की साखळी न पाहता डोळे मिटून ‘विश्वास ठेवा’ दाबणे हा उपाय नव्हे. स्वाक्षरीनंतर कागदात फेरफार झाला असेल, तर प्रोग्राम प्रश्नचिन्हाऐवजी स्वाक्षरी अवैध असल्याचे स्पष्ट सांगतो, आणि त्या दोन खुणांतला फरक ओळखता येणे हीच या सगळ्या व्यवस्थेची किल्ली आहे. दुसरी गोष्ट मोबाइलची. मोबाइलमध्ये किंवा ब्राउझरमध्येच पीडीएफ उघडली, तर अनेकदा तिथला प्रोग्राम स्वाक्षरी तपासतच नाही. प्रश्नचिन्ह तिथे नुसते चित्र म्हणून कागदावर असते आणि कितीही वेळा उघडले तरी जात नाही. त्याच फाइलवर एका संगणकात हिरवी खूण आणि दुसऱ्यात प्रश्नचिन्ह दिसते. म्हणजे दोष फाइलमध्ये नाही, वाचणाऱ्यात आहे. कागद एकच आणि निकाल दोन, ही गोष्ट मनात ठेवली की दाखला पुन्हा काढण्यासाठी होणारा हेलपाटा वाचतो.

अक्षरांच्या बाबतीत तर मराठी माणसाइतका अनुभव फार थोड्यांना असेल. ‘अक्षरे फुटली’ असे आपण सरसकट म्हणतो, पण अक्षरे चार-पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी फुटतात आणि प्रत्येक तऱ्हेचे कारण निराळे असते. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसले, तर मजकूर शाबूत आहे. फक्त देवनागरी आकृती असलेला फाँट नाही. रोमन मुळाक्षरे आणि विरामचिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ दिसला, तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा नावांचे हे फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकृत्या बसवत. फाँट गेला, की मूळची रोमन अक्षरे उघडी पडतात. डोक्यावर टिंबे-रेघा असलेली परकी अक्षरे एकाच ठेक्यात पुन्हा पुन्हा आली, तर मजकूर युनिकोड या आजच्या प्रमाण संकेतातच आहे, पण वाचणाऱ्याने तो दुसऱ्याच संकेतानुसार वाचला. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडली किंवा काना-मात्रेशेजारी ठिपक्यांचे वर्तुळ दिसले, तर फाँट आहे, मजकूरही आहे, पण अक्षरांची जुळणी करणारा भाग काम करत नाही किंवा टाइप करताना क्रम चुकला. ‘मि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसत असली, तरी साठवली जाते ती ‘म’ नंतर. ती पुढे आणून बसवणे हे त्या जुळणाऱ्या भागाचे काम.

हा जुळणी करणारा भाग एका सेटिंगवर अवलंबून असण्याचा काळ फार जुना नाही. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीची सोय होती, पण ती मुळात सुरू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रदेश आणि भाषेच्या पानावर जाऊन, गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीच्या फाइली टाका अशा अर्थाच्या एका चौकटीत टिकमार्क करावा लागे. मग विंडोजची सीडी मागितली जाई आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर मराठी नीट दिसू लागे. २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही सोय मुळातच सुरू असते. मधल्या काळात ती एक चौकट माहीत नसल्यामुळे संगणकावर मराठी नीट येत नाही असा समज पसरला, आणि लोक जुन्या फाँटांना आणखी काही वर्षे चिकटून राहिले. त्या फाँटांत साठवलेल्या नोंदी, अहवाल, दिवाळी अंकांचे मजकूर आज शोधता येत नाहीत, मोबाइलवर वाचता येत नाहीत. दुर्लक्षिलेल्या एका टिकमार्कचा इतका दूरवर परिणाम झाला, हे मला फार गंभीर वाटते.

मराठीच्या काही अडचणी आणखी सूक्ष्म आहेत. समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ आणि सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ यांत फक्त रफार आणि आडव्या र-काराचा फरक. हा आडवा र-कार युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. तसेच ‘ॲ’चे. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’ला वर चंद्र जोडून काम भागवत आणि आजही अनेक कळफलक तसेच करतात. परिणाम असा, की ‘ॲड’ने सुरू होणारे वकिलांचे नाव यादीत समोर दिसत असते, पण शोधाच्या चौकटीत टाइप केले तर सापडत नाही. वापरणारा म्हणतो, ‘सर्च बिघडला.’ सर्च बिघडलेला नसतो. यादी करणाऱ्याचा आणि शोधणाऱ्याचा कळफलक वेगळा असतो. यादीतूनच ते अक्षर उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवले आणि नाव सापडले, तर निदान पक्के झाले.

तारखांचा घोळही याच जातीचा. संगणकाचा प्रदेश अमेरिका ठेवलेला असेल, तर ५/६ म्हणजे सहा मे होतो. आपल्या लेखी तो पाच जून. १३ तारखेपासून पुढे आणखी वेगळे घडते. तेरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ती तारीख तारीख मानतच नाही, साधा मजकूर मानते. म्हणून एकाच स्तंभातल्या काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात. हा बारीक फरक दिसला, की प्रदेशाचे सेटिंग तपासायचे. प्रदेश भारत ठेवला, की रकमांमधले स्वल्पविरामही दशलक्षाऐवजी लाख-कोटींच्या हिशेबाने पडतात. याला किरकोळ म्हणून सोडून देणाऱ्यांनी जगातले एक उदाहरण पाहावे. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे सप्टेंबर आणि मार्च या महिन्यांच्या इंग्रजी नावांसारखी होती. एक्सेल ती मुकाट्याने तारखांत बदलत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांशांत अशा चुका आढळल्या. शेवटी २०२० मध्ये नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने त्या जनुकांची नावेच बदलली, आणि हे आपोआप होणारे रूपांतर बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दिली.

आता फॉरमॅटकडे वळतो. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे आहेच. फॉरमॅट मारला की पुष्कळदा संगणक खरोखर चालतो, आणि दुकानदारासाठी तो खात्रीचा, ठरलेल्या वेळाचा आणि ठरलेल्या पैशांचा मार्ग असतो. व्हायरसने पोखरलेल्या किंवा मूळ फाइलीच खराब झालेल्या संगणकाला दुसरा उपाय नसतो, हेही खरे. पण वर पाहिलेल्या चुकांवर तो काय करतो, ते तपासून पाहावे. बॅटरी तशीच राहते. प्रदेश आणि वेळपट्टा पुन्हा मूळपदावर, म्हणजे पुष्कळदा अमेरिकेवर जातो. स्वाक्षरीसाठी तयार केलेली विश्वासाची यादी पुसली जाते, म्हणून सगळीकडे प्रश्नचिन्हे परत येतात. जुने फाँट जातात, म्हणजे कालपर्यंत वाचता येणारा मजकूर आज वाचता येत नाही. डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेल्या फाइली साधारणपणे सी ड्राइव्हवरच असतात. प्रत काढून ठेवलेली नसेल, तर त्याही गेल्या. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचे यंत्र यांचे ड्रायव्हर पुन्हा शोधावे लागतात. सेटिंगमधल्या चुकीवर फॉरमॅट मारणे म्हणजे घरातला एक बल्ब लागत नाही म्हणून सगळे वायरिंग उपटून काढण्यासारखे आहे.

चूक वाचायची म्हणजे काय करायचे? सर्वांत आधी ती जशी दिसते तशी टिपून ठेवायची. मोबाइलने पडद्याचा फोटो काढला तरी पुरे, कारण ‘काहीतरी एरर येतोय’ या वाक्यावरून जगातला कोणताही जाणकार काही सांगू शकत नाही. मग चुकीची हद्द शोधायची. ती एकाच फाइलमध्ये दिसते की सगळ्या? एकाच प्रोग्राममध्ये की सर्वत्र? या संगणकावरच की दुसऱ्यावरही? विंडोजमध्ये नवे यूजर खाते तयार करून तिथे तपासणे हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी प्रयोग आहे. नव्या खात्यात चूक दिसली नाही, तर विंडोज निर्दोष आहे आणि दोष जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये आहे, हे पाच मिनिटांत सिद्ध होते. त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्यापूर्वी आधी काय होते ते कागदावर लिहायचे. चार सेटिंगे एकदम बदलली आणि चूक गेली, तरी ती कशाने गेली हे कळत नाही. पुढच्या वेळी आपण पुन्हा पहिल्या पायरीवरच.

पुन्हा सुरू करण्याचा उपायही नीट समजून घ्यायला हवा. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून, जलद सुरुवातीची सोय चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्ण कोरा होत नाही. विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते. म्हणून अडकलेला ड्रायव्हर रात्रभर संगणक बंद ठेवूनही अडकलेलाच राहू शकतो. ‘रिस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळे नव्याने उभे राहते. ‘बंद करून चालू केला, तरी तेच’ म्हणणाऱ्याने ‘रिस्टार्ट’ हाच पर्याय निवडला होता का, हे आधी विचारावे. पासवर्ड बरोबर असून घेत नसेल, तर पडद्याच्या कोपऱ्यात कळफलकाची भाषा पाहावी. डावा ऑल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले तर इंग्रजीची मराठी होऊ शकते. ईमेल लिहिताना ॲट चिन्हाच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह येऊ लागले, तर कळफलकाची मांडणी ब्रिटनची झाली आहे. हवामानाच्या चौकटीत घाटमाथ्यावरचा पाऊस न दिसता भलतेच ऊन दिसत असेल, तर महाराष्ट्रात मलकापूर एकच नाही हे आठवावे. बुलढाणा जिल्ह्यात एक आहे, कऱ्हाडला लागून एक आहे. स्थानाच्या सेटिंगमध्ये जिल्हा पाहून गाव निवडले, की काम झाले.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. रांगेत दहा माणसे उभी असताना निदान करत कोण बसणार? पण हिशेब उलटा आहे. हद्द शोधायला मिनिटे लागतात. फॉरमॅट, ड्रायव्हर, फाँट, फाइली असा सगळा संसार पुन्हा उभा करायला किमान एक दिवस जातो, आणि कारण न सापडल्यामुळे तो दिवस पुन्हा येतो. दुसरा आक्षेप भीतीचा आहे आणि तो मला रास्त वाटतो: सेटिंगला हात लावला आणि आणखी बिघडले तर? म्हणूनच आधीची स्थिती लिहून ठेवण्याचा आग्रह आहे. नेहमीच्या सेटिंग्जच्या पानावरचे जवळजवळ सर्व बदल उलटवता येतात. विंडोजची अंतर्गत सेटिंगे जिथे साठवलेली असतात त्या रजिस्ट्रीत मात्र जाणकाराशिवाय शिरू नये. इंटरनेटवर फुकट मिळणारे ‘दुरुस्ती’चे प्रोग्राम टाकू नयेत. फोन करून ‘तुमचा संगणक आम्ही इथून नीट करतो’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला तर पडद्याचा ताबा कधीही देऊ नये. किरकोळ चुकीपेक्षा या तीन गोष्टींनी होणारे नुकसान कितीतरी मोठे असते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. चुका कंपन्यांनी करायच्या आणि दुरुस्त्या गावातल्या माणसाने शिकायच्या, हे न्यायाचे आहे का? नाही. मराठी हे निवडण्यासारखे सेटिंग दिले, तर ते निवडल्यावर प्रोग्राम चाललाच पाहिजे. ही अपेक्षा अनेकदा पुरी होत नाही, त्याचे ठळक उदाहरण अंकांचे आहे. भाषा आणि प्रदेशांची माहिती ठेवणाऱ्या युनिकोडच्या सामायिक भांडारात मराठीसाठी देवनागरी अंक मूळ मानले आहेत, हिंदीसाठी मात्र इंग्रजी अंक. त्यामुळे मोबाइलची भाषा मराठी केली, की काही ॲपमध्ये रक्कम १२५ अशी देवनागरीत तयार होते. प्रोग्राम लिहिणाऱ्याने अंक इंग्रजीच असणार असे गृहीत धरले असेल, तर पुढच्या पायरीला तो आकडा ओळखूच येत नाही. ॲप अडते, किंवा रक्कम चुकीची असल्याचे सांगते. इथे वापरणाऱ्याची काहीही चूक नसते. दोष प्रोग्राम लिहिणाऱ्याचा असतो. पण अशा वेळी दिला जाणारा सल्ला ठरलेला आहे: ‘मोबाइल इंग्रजीत ठेवा.’ तो मानला, की मराठी वापरणाऱ्यांची संख्या कमी दिसते, कमी दिसली की कंपनी त्या भाषेत चाचणी करत नाही, आणि चूक तशीच राहते.

हा सल्ला न मानताही काम चालवता येते. आयफोनमध्ये २०१९ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. अर्थात ॲप बनवणाऱ्याने तशी सोय दिलेली हवी. अडणारे एक ॲप तेवढे इंग्रजीत ठेवावे, बाकी सगळा मोबाइल मराठीतच राहू द्यावा. आणि तक्रार जरूर करावी. ॲपच्या अभिप्रायाच्या जागेत चार गोष्टी लिहाव्यात: मोबाइलची भाषा मराठी असताना काय टाइप केले, काय दिसायला हवे होते, काय दिसले, आणि भाषा इंग्रजी केल्यावर तीच पायरी नीट चालते का. सोबत पडद्याचे दोन फोटो जोडावेत, एक मराठीतला, एक इंग्रजीतला. ‘ॲप चालत नाही’ या तक्रारीवर प्रोग्रामरला काही करता येत नाही. या चार ओळी आणि दोन फोटो मिळाले, तर अंक कोणत्या लिपीत तयार होतात ती ओळ त्याला शोधता येते आणि बदलता येते.